मूत्रपिंडांचा कारभार
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाचा विषय मीच निवडावा, असे चिटणीसबाईंनी मला कळवले होते. मी विषय सांगितला तेव्हा फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग त्या हळूच म्हणाल्या, "सिस्टर, आहारावर बोलला असता तर?" त्यांचा संकोच मला समजतो. चारचौघींत लघवी हा शब्द उच्चारायचा म्हणजे आपल्याला अंमळ जडच जाते. 'बाहेर जाऊन येते' असे म्हणून आपण उठतो. पण रुग्णालयात तीस वर्षे काढल्यावर, आणि त्यातली शेवटची चौदा डायालिसिसच्या विभागात काढल्यावर, माझा संकोच पार झिजून गेला आहे. या एका शब्दाच्या लाजेपायी बायकांनी काय काय सोसले ते मी जवळून पाहिले आहे. म्हणून आज आपण सगळ्याजणी मिळून हा शब्द मोकळेपणाने वापरू या. येथे आपल्याखेरीज कोणी नाही.

आधी मूत्रपिंडे असतात कोठे ते पाहू. काम करून कंबर भरून आली की आपण कमरेवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहतो ना, तशा राहा. आता अंगठे पाठीमागून जरा वर सरकवा, शेवटच्या बरगड्यांपाशी. तेथे, कण्याच्या दोन्ही बाजूंना, खोलवर ती असतात. उजव्या बाजूला यकृताने जागा अडवल्यामुळे उजवे किंचित खाली असते. आकार म्हणाल तर काजूगरासारखा, लांबी दहा ते बारा सेंटिमीटर, वजन सुमारे दीडशे ग्रॅम. (कंबर दुखली म्हणजे मूत्रपिंड बिघडले, असे मात्र समजू नका. शंभरांतल्या बहुतेक कंबरदुख्या हाडांच्या आणि स्नायूंच्या असतात.)

दोन्ही मिळून वजन तीनशे ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या बाईच्या देहात शंभरातला अर्धा भाग. पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा या दोघांकडे जातो. मिनिटाला एक लिटरहून अधिक रक्त यांच्यातून फिरते. इतका मोठा वाटा त्यांना कशासाठी लागतो? स्वतःच्या पोषणासाठी खास नव्हे. घरातल्या साऱ्यांचे धुणे एकीकडेच यावे, तसे सगळ्या शरीराचे रक्त तेथे साफ व्हायला येते.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म यंत्रे असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी अतिबारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो, लोकरीच्या गुंडीसारखा. सतराव्या शतकात इटलीतल्या माल्पिघी नावाच्या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून हे गुंते प्रथम पाहिले. त्या गुंत्याभोवती एक पेला असतो आणि पेल्यापासून पुढे एक नागमोडी नळी निघते. तो पेला आणि ती नळी एकमेकांना जोडलेली आहेत हे १८४२ साली विल्यम बोमन या इंग्रज वैद्याने दाखवून दिले. हे दहा लाख नेफ्रॉन आपण जन्मतः घेऊन येतो. पुढे एकही नवा तयार होत नाही. गर्भातल्या शेवटच्या महिन्यांत ते तयार होतात, आणि फार कमी वजनाच्या बाळांमध्ये त्यांची संख्या कमी असते. घरात पोटुशी सून असेल तर तिच्या ताटाकडे पाहताना एवढे ध्यानात ठेवावे, कारण नातवंडाला जन्मभर पुरवायची पुंजी त्याच काळात साठत असते.

आता हे यंत्र काम कसे करते? पुष्कळ पुस्तकांत मूत्रपिंडाला गाळणी म्हटलेले असते. चहाच्या गाळणीत चोथा राहतो आणि चहा खाली येतो, एवढ्यावर गोष्ट संपते. मूत्रपिंडाची रीत मला दिवाळीच्या साफसफाईसारखी वाटते. फडताळ साफ करायचे झाले तर आपण आतला कचरा तेवढा वेचून काढत नाही. सगळे सामान बाहेर ओसरीवर मांडतो, मग हवे ते एकेक करून आत ठेवतो, आणि मागे उरले ते केरात जाते. नेफ्रॉन हेच करतो. त्या गुंत्यातून रक्ताच्या दाबाने पाणी, क्षार, साखर, युरिया असे सारे बारीक सामान पेल्यात उतरते. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने तेवढी आत राहतात. मग ते पाणी नळीतून पुढे जाऊ लागले की नळीच्या भिंती हवे ते परत उचलून रक्तात ठेवतात. साखर निरोगी माणसाची सगळीच्या सगळी परत जाते, मीठ बहुतेक परत जाते, आणि पाणी लागेल तितके.

किती पाणी असे बाहेर काढले जात असेल, तुम्ही अंदाज करा. पाणीकपातीत आपण गच्चीवर दोनशे लिटरची निळी पिंपे भरून ठेवतो. त्यातले एक पिंप जवळजवळ भरेल इतके, म्हणजे दिवसाला सुमारे १८० लिटर. आपल्या रक्तातला पातळ भाग असतो तीन लिटर, म्हणजे तोच दिवसातून साठ वेळा गाळून निघतो. आणि त्या १८० लिटरांपैकी बाहेर पडते ती लघवी फक्त दीड-दोन लिटर. बाकीचे सारे परत. संसारात इतकी काटकसर आपल्यापैकी कोणाला जमली असेल असे मला वाटत नाही.

ही परत घेण्याची हुकमत मेंदूकडून येते. पाणी कमी प्यालो, उन्हातून आलो, घाम गेला की मेंदूच्या तळाशी असलेल्या एका ग्रंथीतून संप्रेरक सुटते आणि नळ्या जास्त पाणी ओढून घेतात. मग लघवी थोडी आणि गडद होते. पावसाळ्यात घाम नसतो, म्हणून चार वेळा अधिक उठावे लागते. साखरेचेही असेच. रक्तातली साखर एका मर्यादेपलीकडे चढली की नळ्यांना ती सगळी परत उचलणे झेपत नाही आणि ती लघवीतून वाहू लागते, आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. मधुमेही माणसाला सारखी तहान आणि सारखी लघवी लागते ती यामुळे. लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. 'मधुमेह' हे नावच तसे पडले आहे.

रक्त साफ करणे हे एकच काम त्यांच्याकडे असते तरी पुष्कळ झाले असते. पण रक्ताच्या तांबड्या पेशी तयार करा, असा हाडांच्या मगजाला निरोप मूत्रपिंडेच धाडतात. उन्हातून अंगी आलेले ड जीवनसत्त्व हाडांच्या उपयोगी पडेल अशा रूपात शेवटी तीच आणतात. रक्तदाबावर लक्ष तीच ठेवतात. म्हणून मूत्रपिंडे थकलेली बाई फिकी पडते, तिची हाडे ठिसूळ होतात, रक्तदाब चढतो. नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन ती लाल होत नाही, कारण मगजाला निरोप देणारेच आजारी असते.

तयार झालेली लघवी दोन मूत्रवाहिन्यांतून खाली येते. त्या साधारण पंचवीस सेंटिमीटर लांब असतात आणि स्वतः आकुंचन पावत थेंब थेंब पुढे ढकलतात, म्हणून आपण आडव्या असलो तरी काम चालू राहते. खाली मूत्राशय, स्नायूंची पिशवी. दीड-दोनशे मिलिलिटर साठले की पहिली जाणीव होते, चारशे ते पाचशेला मात्र ती गप्प बसू देत नाही.

यापुढची वाट बायकांची निराळी आणि पुरुषांची निराळी. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे वीस सेंटिमीटर लांब असतो, आपला अवघा चार. त्यातून त्याचे तोंड योनीमार्गाजवळ आणि शौचाच्या जागेपासून थोड्याच अंतरावर. आतड्यात ज्यांची नेहमीची वस्ती आहे अशा जंतूंना मूत्राशयापर्यंत पोचायला चार सेंटिमीटरचीच मजल मारावी लागते. यात बाईच्या अस्वच्छतेचा किंवा चालचलणुकीचा काही संबंध नसतो. ती आपल्या शरीराची घडण आहे. हे मुद्दाम सांगते, कारण लघवीला जळजळ होते म्हणून आलेली नवी नवरी तपासणीच्या टेबलावर आधी रडते आणि मग बोलते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

जळजळ झाली की आपण 'उन्हाळी लागली' म्हणतो आणि धण्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे सरबत सुरू करतो. त्याला माझी ना नाही. पाणी पोटात जाते, लघवी पातळ होते, जंतू धुऊन निघायला मदत होते. पण जळजळीबरोबर ताप आला, थंडी वाजली, पाठीत एका बाजूला दुखू लागले, लघवीत रक्त दिसले, तर तो जंतुदोष वर मूत्रपिंडापर्यंत चढत असल्याची खूण आहे. तेव्हा सब्जा नको, डॉक्टर हवेत, आणि त्याच दिवशी. गरोदर बाईने तर नुसत्या जळजळीलाही थांबू नये. गरोदरपणात मूत्रवाहिन्या सैल पडतात आणि जंतूंना वर जाणे सोपे होते, काही वेळा काहीही त्रास नसताना लघवीत जंतू असतात. म्हणून गरोदरपणाच्या तपासणीत लघवी मागतात, ती टाळू नये. औषध दिले की दोन दिवसांत बरे वाटते आणि उरलेल्या गोळ्या आपण 'पुढच्या वेळेला' म्हणून डब्यात ठेवतो, शेजारणीलाही देतो. तसे करू नये. अर्धवट मारलेले जंतू पुढच्या खेपेला त्या औषधाला जुमानत नाहीत. शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यावा, मागून पुढे नव्हे, आणि हे मुलींना चार वर्षांच्या असतानाच शिकवावे.

आता आपल्या डोंबिवलीच्या बायकांचे एक खास दुखणे. सकाळी सातच्या गाडीला जायचे, गाडीत तास-सव्वा तास, लोकलला स्वच्छतागृह नाही, स्टेशनावरचे असले तर तेथे नाक धरून जावे लागते, कचेरीतले दुसऱ्या मजल्यावर आणि त्याला कुलूप. मग बाई काय करते? पाणीच पीत नाही. सकाळी अर्धा कप चहा, आणि थेट दुपारी डबा खाताना घोटभर पाणी. शाळेतल्या शिक्षिका, दुकानातल्या मुली, रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बायका, साऱ्यांची हीच तऱ्हा. लघवी दाबून ठेवली म्हणजे मूत्राशय फुटतो असे काही नाही. पण तासन्‌तास साठलेली गडद लघवी ही जंतूंना वाढायला चांगली जागा, आणि खडा जमायलाही. २०११ साली मुंबईतल्या काही संस्थांनी मिळून 'राइट टू पी' या नावाने चळवळ सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा उघड अन्याय त्यांनी महापालिकेच्या दारात नेऊन मांडला. नाव ऐकून काहीजण हसले. मला विचाराल तर बायकांच्या आरोग्यासाठी या शहरात निघालेल्या अत्यंत शहाण्या चळवळींपैकी ती एक होती. आणि जाता जाता, आपल्या या सभागृहाच्या स्वच्छतागृहाची किल्ली पहारेकऱ्याकडे असते आणि ती मागायला चार पुरुषांसमोरून जावे लागते. ती आतल्या खिळ्यावर टांगता येईल का, एवढे कार्यकारिणीने आजच पाहावे.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. खोकला आला, हसू आले, पाण्याची बादली उचलली की लघवीचा थेंब सुटतो. तीन-चार बाळंतपणे झालेल्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत हे फार आढळते. यामुळेच काहीजणी सहलीला येत नाहीत, भजनाला मागे दाराशी बसतात, नातवाला उचलून घेत नाहीत, आणि कारण विचारले तर गुडघ्यांवर ढकलतात. मैत्रिणींनो, हे वयाचे देणे म्हणून सोसायचे कारण नाही. मूत्राशयाला खालून तोलून धरणारे स्नायू बाळंतपणात सैल पडलेले असतात, आणि कोणत्याही स्नायूप्रमाणे ते व्यायामाने बळकट होतात. अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगेल या डॉक्टरांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला, म्हणून त्याला केगेलचा व्यायाम म्हणतात. लघवी मध्येच थोपवताना जे स्नायू आवळले जातात ते ओळखायचे. मग एरवी, बसल्या जागी, ते पाच-सात अंक मोजेपर्यंत आवळायचे आणि तितकाच वेळ सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. भाजी निवडताना करता येतो, रांगेत उभ्या असताना करता येतो, कोणाला कळतही नाही. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र रोज करू नये. याने न भागल्यास पुढे उपचार आहेत, शस्त्रक्रियाही आहे. आधी कोणाला तरी सांगितले मात्र पाहिजे.

मुतखड्याबद्दल थोडक्यात. लघवीत विरघळलेले क्षार पाणी कमी पडले की खडे धरतात. सर्वांत अधिक आढळणारा खडा कॅल्शियम ऑक्झॅलेटचा. हे ऑक्झॅलेट आपल्या चांगले ओळखीचे आहे. अळू चिरताना हात खाजतात ते त्याच्याच सुयांसारख्या स्फटिकांमुळे, म्हणून तर आपण अळूला चिंच लावतो. अळू, पालक, बीट, सुका मेवा यांत ते पुष्कळ असते. ज्यांना एकदा खडा झाला त्यांनी हे बेताने खावे. पण खड्यात कॅल्शियम आहे म्हणून दूध-दही सोडून देतात ते चूक. जेवणातले कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधून टाकते आणि ते शौचावाटे निघून जाते. दूध सोडले की ते मोकळे राहून रक्तात आणि तेथून मूत्रपिंडात जाते. पालकाबरोबर दही घालणाऱ्या आपल्या सासवांना हे शास्त्र ठाऊक नसेल, रीत मात्र बरोबर होती.

येथवर जे सांगितले त्यात निदान दुखते, जळते, कळते. मला खरी भीती वाटते ती न दुखणाऱ्या आजाराची. मूत्रपिंडांकडे इतकी शिल्लक ताकद असते की निम्म्याहून अधिक नेफ्रॉन गेले तरी बाई स्वयंपाक करते, बाजारहाट करते, तिला काहीच वाटत नाही. पायांवर सूज, जेवणावर वासना नाही, मळमळ, अंगाला खाज, थकवा, ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा फारच थोडे उरलेले असते. आणि गेलेले नेफ्रॉन परत येत नाहीत. याची दोन मोठी कारणे घरोघर आहेत: मधुमेह आणि रक्तदाब. दोन्हींनी त्या बारीक गुंत्यांची नासाडी होते. प्रथिने आत धरून ठेवण्याची गुंत्याची शक्ती गेली की ती लघवीत उतरू लागतात आणि लघवीला न विरणारा फेस येतो. ज्यांना यांपैकी एकही दुखणे आहे त्यांनी वर्षातून एकदा रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासावे. वेळीच कळले तर आज अशी औषधे आहेत की हा ऱ्हास कित्येक वर्षे मागे ढकलता येतो.

तिसरे एक कारण आपल्या बटव्यात असते. गुडघ्यासाठी, कमरेसाठी, पाळीच्या दुखण्यासाठी औषधांच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या. आठ-पंधरा दिवसांतून एखादी घेतली तर निरोगी बाईला सहसा बाधत नाही. पण वर्षानुवर्षे रोज घेतलेल्या आणि त्यात मधुमेह असलेल्या बायका मी आमच्या विभागातल्या खाटांवर पाहिल्या आहेत. कसली धातू घातली आहे हे सांगता येत नाही अशी भस्मेही त्यातलीच.

आता त्या खाटांविषयी. मूत्रपिंडे पार थकली की रक्त यंत्रातून साफ करावे लागते. हे यंत्र प्रथम उपयोगात आणले विलेम कोल्फ या डच डॉक्टरांनी, दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमधल्या कांपेन या लहान गावी. सामान मिळत नव्हते. मांसाचे सॉसेज भरायला जी सेलोफेनची नळी वापरत, ती त्यांनी लाकडी पिंपाभोवती गुंडाळली आणि ते पिंप क्षारांच्या पाण्यात फिरवले. पहिले जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ च्या सप्टेंबरात सदुसष्ट वर्षांची एक बाई त्या यंत्राने शुद्धीवर आली आणि जगली. आज आपल्याकडे हे यंत्र तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले आहे आणि गरिबांसाठी सरकारी योजनाही आहेत. पण आठवड्यातून तीनदा चार-चार तास त्या खुर्चीत बसायचे, जन्मभर. मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी आणि शीर जोडून सुईसाठी जागा करतात. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही, जड उचलायचे नाही, घट्ट बांगड्या घालायच्या नाहीत. आमच्याकडच्या एक काकू दोन्ही हातांचा हिरवा चुडा एकाच हातात कोपरापर्यंत भरून येत. कोणी विचारले तर म्हणत, "हिशेब पुरा आहे."

अशा रुग्णाला भेटायला जाताना एक करा, शहाळे नेऊ नका. आजाऱ्याला शहाळे ही आपली रीतच आहे. पण शहाळ्यात पोटॅशियम फार असते, थकलेल्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही, आणि ते रक्तात चढले की हृदय एकाएकी बंद पडू शकते. तसेच कमरख हे आंबट फळ. निरोगी माणसाला ते चालते, या रुग्णांना त्याचे प्रत्यक्ष विष होते. 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणारे मीठही त्यांना नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते.

डायालिसिसहून चांगला उपाय म्हणजे मूत्रपिंडाचे रोपण. १९५४ साली बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले आणि ते टिकले. त्यासाठी त्यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९७१ मध्ये वेल्लोरला ही शस्त्रक्रिया यशस्वी झाली, आणि १९९४ साली विक्री बंद करणारा कायदा झाला. निरोगी माणूस एका मूत्रपिंडावर नीट जगतो. उरलेले एक थोडे मोठे होते आणि जोडीदाराचे पुष्कळसे काम उचलते.

पण देते कोण? आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका पुरुषांपेक्षा पुष्कळच अधिक आहेत, आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक. हे मी आकड्यांत नंतर वाचले, डोळ्यांनी आधी पाहिले होते. नवऱ्याला देणारी बायको आठ दिवसांत तपासण्या करून हजर होते. तिला कोणी विचारलेलेही नसते, ती देणार हे धरूनच चाललेले असते. आणि एक तिशीतली बाई आमच्याकडे येत असे, पदरी दोन मुले. नवरा म्हणे, मी कमावता आहे, मला काही झाले तर घर कसे चालेल. तीन भाऊ होते. प्रत्येकजण 'घरी विचारून सांगतो' म्हणून गेला. दोन वर्षांनी साठीतल्या आईने दिले, तेही डॉक्टरांनी वयाविषयी दहा वेळा समजावल्यानंतर. ते रोपण टिकले. ती मुलगी आज मुलांना शाळेत सोडते आहे.

बाईने देऊ नये असे मी म्हणत नाही. मायेने दिलेल्या देणगीला मी काय नावे ठेवणार! पण तिला विचारायला हवे, आणि तिला 'नाही' म्हणता यायला हवे. दात्याशी डॉक्टरांनी एकटीशी बोलण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा. आणि आजारी बाई असेल तेव्हा भावांना, दिरांना, नवऱ्याला तोच प्रश्न तितक्याच सहजपणे विचारला गेला पाहिजे. रक्तगट जुळत नाही हे कारण आता पूर्वीइतके पुरत नाही. २०११ च्या दुरुस्तीने दोन कुटुंबांत अदलाबदल करण्याची परवानगी कायद्याने दिली आहे.

(व्याख्यानानंतर भगिनींनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे.)

रोज पाणी किती प्यावे? सर्वांना एकच माप नाही. लघवीचा रंग पाहावा. पातळ लिंबूसरबतासारखा असला तर पुरेसे आहे, तेलासारखा गडद असला तर कमी पडते आहे. बीट खाल्ल्यावर आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्यावर रंगावर जाऊ नये. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी डॉक्टर सांगतील तेवढेच प्यावे. जास्त पाणी पिऊन बिघडलेले मूत्रपिंड सुधारत नाही.

रात्री तीन-चार वेळा उठावे लागते, असे मागच्या रांगेतल्या आजींनी विचारले. दिवसभर पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते, म्हणून रात्री लघवी वाढते. दुपारी तासभर पाय वर घेऊन पडावे, संध्याकाळचा दुसरा चहा सोडावा. रक्तदाबाची गोळी लघवीची असेल तर ती सकाळी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारावे, साखरही तपासावी. आणि न्हाणीघराच्या वाटेवर बारीक दिवा रात्रभर ठेवावा. या वयात मोडलेले खुब्याचे हाड लघवीच्या त्रासाहून महाग पडते.

क्रिएटिनिन 'नॉर्मल' आले म्हणजे सारे ठीक का? नेहमीच नव्हे. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. १.१ हा आकडा तिशीतल्या धडधाकट पुरुषाच्या बाबतीत उत्तम. तोच आकडा पासष्टीच्या बाईचा असेल तर हिशेबाने तिची मूत्रपिंडांची क्षमता साठाच्या खाली येते, आणि साठाच्या खाली तीन महिने राहिली तर तो आजार धरतात. म्हणून प्रयोगशाळेच्या कागदावर क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर हा दुसरा आकडा छापलेला असतो तो पाहावा. छापलेला नसेल तर मागून घ्यावा, त्यासाठी वेगळे रक्त द्यावे लागत नाही.